कुलाब्याची वेधशाळा आणि आमची बाटली

गणपती आणि पाऊस ही जोडी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण महाराष्ट्रात बाप्पा येतात तेव्हा पावसाचा मुख्य जोर बहुधा होऊन गेलेला असतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही हक्काची नक्षत्रे सरलेली असतात. आपल्या बेंगळुरूचे तसे नाही. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या थोडा आत पाऊस पडतो आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा एकट्या सप्टेंबरात पडतो. म्हणजे आपण मांडवावर ताडपत्री ताणतो, तोच इथला सर्वांत ओला महिना! मुंबई-पुण्याहून नव्याने आलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही. आजीने शिकवलेले पावसाचे वेळापत्रक इथे लागू पडत नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आमच्या सोसायटीतल्या चौथी ते आठवीच्या मुलांबरोबर गेली दोन वर्षे मी रविवारी सकाळी हवामान मोजण्याची साधी यंत्रे बनवतो आहे. रिकाम्या बाटल्या, फुगे, कागदी पेले, स्ट्रॉ एवढेच भांडवल. यंत्रे बनवता बनवता एका मुलीने विचारले, "काका, हे सगळ्यात आधी कोणी केलं?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आपल्या मराठी मंडळींना आवडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

सुरुवात पर्जन्यमापकापासून करू. पाऊस मोजण्याची कल्पना साहेबाने आणली असे आपण समजतो. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापुढे एक हात रुंदीचे भांडे ठेवून पाऊस मोजावा, असे स्पष्ट सांगितले आहे. कोरड्या प्रदेशात सोळा द्रोण पाऊस, ओल्या प्रदेशात त्याच्या दीडपट, असा हिशेबही दिला आहे. अश्मक म्हणजे साधारण आपला गोदावरीकाठ. तिथे पाऊस कमी सांगितला आहे, आणि अपरान्त म्हणजे कोकणात तर अमाप! पाऊस किती झाला त्यावर पेरणी आणि पेरणीवर सारा, असा तो सरळ व्यवहार होता. हा ग्रंथ कित्येक शतके हरवल्यासारखाच होता. १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात पंडित आर. शामशास्त्री यांना त्याची हस्तलिखित प्रत सापडली आणि १९०९ साली त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला. कोकणच्या पावसाची ही जुनी नोंद जगापुढे आली ती कर्नाटकातून, हे इथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मुंबईकडे येऊ. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळावी आणि आकाशाचे वेध घ्यावेत, हा मूळ उद्देश होता. १८४१ पासून तिथे पृथ्वीचे चुंबकत्व आणि हवामान यांच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. त्या काळात जगभर ठिकठिकाणी अशी निरीक्षणे घेण्याची मोहीमच निघाली होती. कुलाब्याला हे काम एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्याकडे होते. त्यांच्या हाताखाली कोण होते? अलिबागजवळच्या नागावचा, नुकता शिकून तयार होणारा, सोळा वर्षांच्या आसपासचा एक मुलगा. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच पुढे महाराष्ट्राला माहीत झालेले केरूनाना छत्रे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही काही काळ या वेधशाळेचे काम होते.

सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे आजचा दहावी-अकरावीतला विद्यार्थी. त्याने रात्री-अपरात्री दिवा घेऊन तापमापकाचा पारा पाहायचा, वायुभारमापक वाचायचा, आकडा वहीत लिहायचा, आणि ठरलेल्या वेळी पुन्हा तेच. यात चमत्कार काही नाही, शाबासकीही नाही. पण याच कामातून केरूनाना घडले. पुढे १८५० च्या दशकात ते पुण्यात आले, गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवू लागले, १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिली आणि आपल्या पंचांगाचा मेळ प्रत्यक्ष आकाशाशी बसावा म्हणून आयुष्यभर धडपड केली. पुस्तकात लिहिले आहे ते आकाशात दिसत नसेल, तर आकाशाचे ऐकावे, ही त्यांची वृत्ती. डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे बाळ गंगाधर टिळक. ज्या लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेतला, त्यांचे गणिताचे गुरू पोरवयात कुलाब्याला हवामानाच्या नोंदी करत होते! हे सांगितले तेव्हा आमच्या पोरांचे डोळे मोठे झाले.

कुलाब्याची आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडते. १८९६ साली नानाभाई मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेव्हा मुंबईत घोड्याच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे घाटत होते. विजेचा प्रवाह आला की चुंबकीय नोंदी बिघडणार. मूस यांनी चुंबकीय उपकरणे समुद्रापलीकडे अलिबागला हलवली. पण एकदम नाही. १९०४ पासून सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्हींतला फरक नीट समजून घेतला आणि मगच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबवल्या. त्यामुळे १८४१ पासूनची मालिका तुटली नाही.

भारतीय हवामान खाते स्थापन झाले १८७५ साली. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने हजारो माणसे बळी घेतली आणि पाठोपाठ पावसाने दगा दिला, तेव्हा सरकारला जाग आली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हेही मुळात कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक. आपल्या बेंगळुरूत काय झाले ते पाहा. म्हैसूर संस्थानाच्या हवामान निरीक्षणांची घडी १८९० च्या दशकात बसली ती सेंट्रल कॉलेजचे प्राचार्य जॉन कुक यांच्या देखरेखीखाली. ऑर्लेबार, केरूनाना, ब्लॅनफर्ड, कुक, सगळे मास्तर! आपल्या देशात हवामानाची मोजणी रुजवण्यात शिक्षक आणि विद्यार्थी यांचा केवढा वाटा आहे, हे यावरून दिसते. हे काम पुढे मोठ्या खात्याचे झाले, ते योग्यच झाले. पण शाळेच्या हातून ते पार सुटले. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यमापकाचे चित्र आले आणि पर्जन्यमापक गेला.

आमचा पर्जन्यमापक कसा आहे ते सांगतो, म्हणजे कोणालाही घरी करता येईल. सरळ अंगाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी. जिथे तिची रुंदी पूर्ण होते तिथून वरचा भाग कापावा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. बाटलीच्या बुडाला खळगे असतात, म्हणून तळाशी खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरावे आणि तिथे शून्याची खूण करावी. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली की झाले. तोंड आणि अंग एकाच रुंदीचे असल्यामुळे पाणी जितके मिलिमीटर चढेल तितका पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळल्यावर मुलांनी लगेच गच्चीचे क्षेत्रफळ काढले. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे २० हजार लिटर, म्हणजे मोठ्या टँकरभर पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या सोसायट्यांत हे गणित आईवडिलांनाही लगेच समजले!

बाटली कुठे ठेवायची यावर वाद झाला. हवामान खात्याचा नियम असा की, जवळची भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर राखावे आणि मापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असावे, म्हणजे आजूबाजूचे शिंतोडे आत उडत नाहीत. एचएसआरमध्ये चार मजली इमारतीपासून दुप्पट अंतर मोजायला गेले तर माणूस शेजारच्या गल्लीत पोहोचतो. शेवटी गच्चीवर, टाकीपासून लांब जागा शोधली आणि ती जागा आदर्श नाही असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. वाचायची वेळ सकाळी साडेआठ, कारण देशभर खात्याचे निरीक्षकही त्याच वेळी रोजचा पाऊस वाचतात.

बाकीची यंत्रेही अशीच साधी. दोन तापमापक शेजारी टांगायचे, एकाच्या फुग्यावर ओले मलमल. कोरड्या हवेत ओल्या तापमापकाचा पारा जास्त उतरतो. पुण्यात एप्रिलमध्ये माठातले पाणी गार होते आणि मुंबईत का होत नाही, याचे उत्तर इथे मिळते. आम्ही पाऱ्याऐवजी लाल द्रवाचे तापमापक वापरले, फुटले तरी धोका नको. ते पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवायचे. ही पेटी शोधणारे टॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे इंजिनियर आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील, असे सांगितल्यावर एका पुस्तकवेड्या मुलाचा या कामातला रस दुप्पट झाला.

वायुभारमापक म्हणजे काचेची बरणी, तोंडावर ताणलेला फुगा आणि त्यावर चिकटवलेली स्ट्रॉ. बाहेरचा दाब वाढला की फुगा आत दबतो आणि स्ट्रॉचे टोक वर जाते. मात्र खरे सांगायचे तर हे यंत्र दाबापेक्षा उष्णतेलाच जास्त दाद देते. खिडकीतले ऊन पडले की काटा हलतो. मुलांनी हे आपणहून ओळखले, तेव्हा मला फार बरे वाटले. यंत्र सांगते ते खरेच मोजते आहे का, ही शंका घ्यायला शिकणे यंत्र बनवण्याहून मोठे. दाबाची दुसरी साक्ष स्वयंपाकघरात आहेच. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच, म्हणून इथे पाणी १०० ऐवजी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला इथे मुंबईपेक्षा वेळ लागतो, तो त्यामुळे.

वाऱ्यासाठी चार कागदी पेले, दोन काड्या आणि एक बॉलपेन. अशा पेल्यांचे यंत्र आयर्लंडच्या रॉबिन्सन यांनी १८४६ साली केले. त्यांची समजूत होती की पेले नेहमी वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात, मग आकार कोणताही असो. पुढे ती चूक ठरली. म्हणून प्रत्येक यंत्र तपासून घ्यावे लागते. आम्ही वारा पडलेला असताना, रविवारी पहाटे, एका पालकांची गाडी सोसायटीच्या रस्त्यावर ताशी १० आणि मग २० किलोमीटर वेगाने चालवून फेरे मोजले. त्या दिवशी 'प्रमाणीकरण' हा जड शब्द मुलांना कायमचा समजला.

प्रमाणीकरणाचा विषय निघाला की अण्णा मणी यांचे नाव घेतलेच पाहिजे. त्यांचा जन्म १९१८ साली केरळातल्या पीरमेडचा. १९४० च्या दशकात त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणके यांच्यावर संशोधन केले. एम. एस्सी. नाही एवढ्या कारणावरून त्यांना डॉक्टरेट नाकारली गेली. पुढे लंडनला जाऊन त्या हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. शिवाजीनगरचे 'सिमला ऑफिस' पुणेकरांना ठाऊक आहेच. खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले म्हणून ते नाव पडले. स्वतंत्र भारतात तेव्हा साधी उपकरणेही विलायतेहून येत. अण्णा मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथे बनवायला घेतली. त्या काळात त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते! चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, अशी त्यांची ठाम धारणा होती. १९७६ साली निवृत्त झाल्यावर त्या पुन्हा बेंगळुरूला रामन संशोधन संस्थेत आल्या. २००१ साली त्यांचे निधन झाले. पुणे आणि बेंगळुरू या दोन्ही गावांशी नाते असलेल्या आपल्यासारख्यांना त्या घरच्याच वाटाव्यात.

त्यांच्या या धारणेची आमच्या गटात एकदा कसोटी लागली. दिवाळीच्या सुट्टीत बहुतेक मुले गावी गेली आणि चार दिवसांची नोंद राहिली. परत आल्यावर एकाने सुचवले, "नेटवरून बघून भरून टाकू या ना, काका. कोणाला कळणार आहे?" बाकीचे गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "तो आपला पाऊस नाही." शेवटी त्या चार रकान्यांत रेघ मारली आणि खाली लिहिले, 'निरीक्षक नव्हते.' माझ्या मते ते त्या वहीतले सर्वांत मोलाचे पान आहे. शून्य मिलिमीटर आणि रेघ यांतला फरक ज्याला कळला, त्याला निम्मे विज्ञान कळले.

ऑफिसातले मित्र मला विचारतात की, मोबाईलवर सगळे दिसत असताना हा खटाटोप कशाला? त्यांना मी २६ जुलै २००५ चे आकडे सांगतो. त्या दिवसाच्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला अवघा ७३. एकच शहर, एकच दिवस, मध्ये जेमतेम पंचवीस किलोमीटर. फक्त कुलाब्याला मापक असता तर कागदोपत्री मुंबईत त्या दिवशी बरा पाऊस झाला, इतकेच राहिले असते. मोबाईलवरचा आकडा पुष्कळदा आपल्या गल्लीत मोजलेला नसतोच, तो गणिताने काढलेला अंदाज असतो. वसंतराव गोवारीकर यांच्या काळात, १९८८ साली, सोळा घटकांवर आधारलेले मान्सूनच्या अंदाजाचे जे प्रसिद्ध प्रारूप आले, त्याच्याही मुळाशी कोणीतरी वर्षानुवर्षे वहीत लिहिलेले आकडेच होते.

आणि हे केवळ मुंबईचे नाही. ५ सप्टेंबर २०२२ ची सकाळ एचएसआर, सर्जापूर रोड आणि बेलंदूरकडच्या मंडळींनी पाहिली आहे. आदल्या रात्रीपासून चोवीस तासांत शहरात १३१ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि होड्या चालल्या, लाखालाखाच्या गाड्या तळघरात बुडाल्या. आपल्या लेआउटचे नाव होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून पडले. पण रस्त्यांच्या आधी इथे तळी होती, एकातून दुसऱ्यात पाणी नेणारे ओढे होते. आगरा तळे त्यातलेच. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, आपणच तिच्यावर घरे बांधून विसरतो. राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राचे स्वयंचलित पर्जन्यमापक आता शहरात ठिकठिकाणी आहेत, ही मोठी सोय आहे. तरीही किती मिलिमीटर पाऊस किती वेळात झाला की आपल्या कोपऱ्यावर पाणी साचते, हे आपल्यालाच मोजावे लागणार. आमच्या वहीत आता पावसाच्या आकड्यापुढे एक छोटा रकाना आहे: 'कोपऱ्यावर पाणी साचले का?' दोन वर्षांची वही म्हणजे काहीच नाही, हे मला ठाऊक आहे. दहा वर्षे टिकली तर ती घेऊन महापालिकेच्या इंजिनियरपुढे बसता येईल.

या उद्योगात एक लाभ अनपेक्षित झाला. आमचे रात्रपाळीचे सुरक्षारक्षक हावेरीकडचे शेतकरी आहेत. मुले बाटली वाचताना ते उभे राहून पाहत. एकदा त्यांनी मुलांना पावसाची नक्षत्रे म्हणून दाखवली. मृगशिरा, आर्द्रा, पुनर्वसू, तीच आपली नावे, फक्त प्रत्येकापुढे 'मळे' म्हणजे पाऊस. मराठी, कन्नड, तमिळ, हिंदी बोलणारी आमची पोरे तोंडे उघडी टाकून ऐकत होती. आता सुट्टीत मुले गावी गेली की साडेआठची नोंद हेच गृहस्थ करतात, कन्नड आकड्यांत. आमच्या मुलांना कन्नड आकडे वाचता येऊ लागले ते या वहीमुळे.

आपण नोकरीनिमित्त इथे आलो. कोणी पाच वर्षांसाठी, कोणी पंचवीस. आपली मुले मात्र इथलीच. गावच्या आठवणी आपण त्यांना देतोच, द्यायलाच हव्यात. त्याबरोबर पायाखालच्या या जमिनीचा पाऊस, वारा आणि ऊन त्यांनी स्वतःच्या हाताने मोजले, तर हे गावही त्यांचे होईल.

मंडळाला माझी एक विनंती आहे. पुढच्या उत्सवात मुलांच्या चित्रकला आणि पाठांतर स्पर्धांच्या जोडीला पर्जन्यमापकाचा एक तास ठेवावा आणि बक्षीस देऊ नये. फक्त प्रत्येक मुलाला एक वही द्यावी. एचएसआरच्या सातही सेक्टरांत मिळून दहा-बारा घरांनी जरी रोज साडेआठला बाटली वाचली, तरी एका पावसात आपल्या एवढ्याशा लेआउटमध्ये कुठे किती पडला ते कळेल. ज्यांना यायचे आहे त्यांनी उत्सवाच्या दिवसांत आरतीनंतर मांडवात भेटावे. बाटली सरळ अंगाची आणावी, कात्री आणि पट्टी आम्ही देऊ.

गणपती बाप्पा मोरया!